ऑफ-रोड शिकायचे तर आधी मुरमाचे रान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हिरो एक्सपल्स, रॉयल एनफिल्ड हिमालयन अशा मोटारसायकली आता तालुक्याच्या गावीही दिसतात. ऑफ-रोडिंगचा, म्हणजे रस्ता सोडून कच्च्या रानात गाडी चालवण्याचा छंद वाढतो आहे, याचा मनापासून आनंद आहे. पण पहिला पाऊस झाला की नवी गाडी थेट सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) नाहीतर घाटमाथ्याच्या गवतात घातली जाते. शिकण्याची जागा ती नव्हे. मालकाला विचारून मिळालेले पडीक, सपाट, मुरमाड रान पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी पुरेसे आहे.

गाडी घेतल्यावर अनेकांचा पहिला खर्च सायलेन्सरवर होतो. तो नडगीपर्यंतच्या बुटांवर व्हावा. गाडी आडवी होताना पाय तिच्याखाली सापडतो आणि दीडशे किलोंहून अधिक भार घोट्यावर येतो. कॅनव्हासचे बूट तिथे काहीच कामाचे नाहीत. त्यानंतर गुडघ्यांचे गार्ड, मग छाती-पाठीचे कवच. हेल्मेट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून हवेतच.

सर्वाधिक चुका हवेच्या दाबात होतात. पूर्ण हवेचे टायर मुरमावर घसरते, म्हणून पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा 6-7 पौंड कमी करावी. मात्र नवख्याने 18 पौंडांच्या खाली जाऊ नये. त्याहून कमी हवेत दगडावर आदळले की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. दुसरा धोका म्हणजे रिमवर टायर सरकतो, त्याच्याबरोबर ट्यूब सरकते आणि वॉल्व मुळापासून तुटतो. म्हणून वॉल्वचे नट रिमला आवळू नये, वर टोपीला टेकवून ठेवावे. वॉल्व तिरका दिसला की ट्यूब सरकली हे लगेच कळते. हवा सोडून, टायर सारखे करून ती पुन्हा भरली की झाले. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पूर्ववत करायलाच हवी, त्यामुळे छोटा पंप आणि गेज सोबत असावेत.

गाडी चालवायला घेण्याआधी क्लच-ब्रेकचे लिव्हर खाली फिरवून घ्यावेत. फूटरेस्टवर उभे राहून बोटे लिव्हरवर ठेवली की मनगट वाकलेले नसावे. क्लॅम्प बेताचाच आवळावा, म्हणजे गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो.

मग 6-7 मीटर अंतरावर दोन दगड ठेवून, पहिल्या गिअरवर, अर्ध्या क्लचवर, चालण्याच्या वेगाने, उभे राहून इंग्रजी आठचा आकडा काढत राहावा. गुडघ्यांनी टाकी धरावी, मुठी सैल ठेवाव्यात. मुठी आवळल्या की खड्ड्यात हात हलतो आणि ॲक्सिलरेटर नकळत ओढला जातो. नवखे बहुतेक असेच पडतात. वळताना गाडी आत झुकवून अंगाचा भार बाहेरच्या फूटरेस्टवर द्यावा. नजर पुढच्या चाकावर नको, जिथे जायचे तिथे हवी. सोय असेल तर मागच्या चाकाचे एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करून, ताशी 20 किमीच्या वेगात चाक लॉक होताना कसे जाणवते तेही शिकावे. पुढचा ब्रेक एका बोटाने, हळूहळू वाढवत दाबावा.

ओढ्यात गाडी बंद पडून इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर दाबू नये. पिस्टनला पाणी दाबता येत नाही, त्यामुळे त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून, इंजिन फिरवून आधी पाणी बाहेर काढावे. ऑइल दुधाळ दिसले तर ते बदलल्याशिवाय गाडी चालवू नये.

सड्यांविषयी कळकळीने लिहितो. जांभ्यावरची माती जेमतेम काही सेंटीमीटर असते आणि पावसाळ्यात तिच्यात सीतेची आसवे, दवबिंदू अशा इवल्या वनस्पती उभ्या असतात. गुट्ट्यांच्या टायरने एकदा चर पाडला की पुढच्या सरीत माती वाहून जाते आणि उघडा कातळ उरतो. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे. कोकणातल्या सड्यांवरची कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. त्यातली कित्येक गवताखाली झाकलेली असतात आणि गाडीवरून दिसत नाहीत. राखीव जंगल, अभयारण्य, देवराई आणि गडांच्या वाटांवरही गाडी नेऊ नये.

यावर उपाय गावातच आहे. अनेक गावांत मुरूम काढून झालेल्या, सपाट तळाच्या खाणी पडून आहेत. जिथे पाण्याचे डबके आणि उभी कडा नाही, अशी एखादी खाण ग्रामपंचायतीने रीतसर परवानग्या घेऊन रविवारी सकाळी 7 ते 10 शुल्क आकारून शिकणाऱ्यांना द्यावी. प्रवेशाला हेल्मेट आणि बूट सक्तीचे असावेत, आवाजी सायलेन्सरला मनाई असावी आणि प्रथमोपचार जाणणारा एक माणूस हजर असावा.

— एक दुचाकी प्रशिक्षक, सातारा