डिपिंग ऑइल कशापासून बनलंय ते कॅनवर छापा

संपादक साहेब, नमस्कार,

आमच्या तासगाव भागात बेदाणा एक्स्पोर्टचा विषय निघाला की कोशर सर्टिफिकेटचं (माल ज्यू धर्माच्या खाण्याच्या नियमात बसतो याचा दाखला) नाव येतंच, आणि लगेच कोणतरी म्हणतं की आपला माल फळाचा, हिरवा ठिपका आहे की, अजून काय पाहिजे. एवढ्यावर भागत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यू लोकांचा हिशोब आपल्या व्हेज-नॉनव्हेजसारखा नाही. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको असं त्यांच्या तोरा या धर्मग्रंथात तीन ठिकाणी आलंय, त्यावरून मटण आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, भांडीसुद्धा वेगळी. मग मांसाचं एक, दुधाचं एक आणि दोन्हीत न येणारं ते पार्वे. अंडं आपल्याकडं नॉनव्हेज, तिथं पार्वे. आणि आपलं साधं वरण, त्यावर चमचाभर साजूक तूप पडलं की ते दुधाचं झालं, मटणाच्या जेवणात चालायचं नाही. कोकणातले बेने इस्राएली ज्यू, घरात मराठीच बोलणारी माणसं, गोडाच्या पदार्थातसुद्धा नारळाचं दूध वापरतात, कारण नारळ पार्वे, मटणाच्या जेवणानंतर पण खाता येतो.

आता बेदाणा. द्राक्ष पार्वेच (वाइनचे नियम वेगळे, ते इथं नको). पण आपण द्राक्ष नुसतं वाळवत नाही, लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल घालून त्यात घड बुडवतो, मग शेडमध्ये जाळीवर टाकतो. सालीवरच्या मेणातून पाणी लवकर सुटावं म्हणून हे करावंच लागतं. ते ऑइल म्हणजे इथाइल ओलिएट, आणि त्याला लागणारं ओलिक ॲसिड वनस्पती तेलातून निघतं तसंच जनावराच्या चरबीतून पण निघतं. चरबीचं असेल तर बेदाणा पार्वे राहिला का हा प्रश्न तपासणारा माणूस विचारणारच, आणि तो विचारतो तेव्हा शेतकऱ्याकडं दाखवायला कागद नसतो. आपल्याकडचं ऑइल चरबीचं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण मी बघितलेल्या कॅनवर ते कशापासून केलंय याची एक ओळ पण नव्हती, दुकानदाराला विचारलं तर त्यालाही माहीत नाही. हाच बेदाणा आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादात पण पडतो हो, म्हणजे प्रश्न फक्त परदेशी गिऱ्हाइकाचा नाही.

माझी मागणी एवढीच की ऑइल बनवणाऱ्यांनी कॅनवर ‘वनस्पतीजन्य’ किंवा ‘प्राणीजन्य’ असं मराठीत ठळक छापावं आणि बिलावर पण लिहावं. आणि तुम्ही शेतीच्या पानावर कोशर तपासणीत काय काय बघतात, ऑइल, ग्रेडिंगचं मशीन, पॅकिंगच्या जागी अजून कोणता माल येतो, याची माहिती एप्रिलच्या खरड छाटणीच्या आत छापा, म्हणजे पुढच्या सीझनचं ऑइल घेताना लोक विचारून घेतील.

एक बेदाणा उत्पादक,
ता. तासगाव, जि. सांगली