सेल मारते पण चालू होत नाही: बिघाड न शोधता बॅटरी आणि स्टार्टर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. ग्राहक सेवा व्यवस्थापक,
मुख्य कार्यालय

विषय: सांगलीतील आपल्या अधिकृत वर्कशॉपने चांगले भाग बदलून घेतलेले पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आपल्या कंपनीचा डिझेल पिकअप वापरतो. हंगामात माझं सगळं काम त्या एका गाडीवर चालतं.

गाडी सकाळी पहिल्या सेलला चालू व्हायची. तासगावहून सांगलीपर्यंत आली, गरम इंजिन बंद केलं आणि लगेच परत चावी फिरवली की सेल दणक्यात मारायची, पण इंजिन पकडायचं नाही. अर्धा-पाऊण तास उभी राहिली की आपली आपण चालू. हे सगळं मी वर्कशॉपच्या काउंटरवर सविस्तर सांगितलं. ‘गरम झाल्यावरच होतं’ हे तर मुद्दाम परत परत सांगितलं. जॉबकार्डवर लिहिलं गेलं फक्त ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’. जॉबकार्डची प्रत जोडली आहे, कृपया ती बघा. पुढचं सगळं नुकसान त्या दोन शब्दांमुळे झालं.

आधी बॅटरी बदलली. तक्रार तशीच राहिली म्हणून नंतर स्टार्टर बदलला. दोन्ही वेळा गाडी टोचन करून नेली होती. वर्कशॉपमध्ये पोचून नंबर लागेपर्यंत इंजिन गार व्हायचं, त्यामुळे नवा भाग बसवल्यावर ती चालू होणारच होती. जुन्या भागावरही झाली असती. गाडी वीसेक किलोमीटर पळवून, गरम असताना बंद करून परत चालू करून बघावी, एवढं कुणालाही सुचलं नाही.

नवा स्टार्टर बसल्यानंतर द्राक्षं भरून सांगलीला निघालो. माधवनगरला डिझेल भरायला गाडी बंद केली आणि तिथंच अडकलो. मार्चचं ऊन, मागं भरलेले क्रेट. दुसरा टेम्पो येऊन माल हलवेपर्यंत घडांचे देठ सुकले, मणी गळायला लागले आणि व्यापाऱ्यानं दर पाडला. वर्षभर छाटणी, फवारणी, विरळणी करून आणलेला माल डोळ्यांसमोर खराब होताना बघणं काय असतं, हे आपल्या कार्यालयातल्या कुणीतरी समजून घ्यावं असं मनापासून वाटतं.

बिघाड शोधला मिरजेच्या एका इलेक्ट्रिशियननं. त्यानं गाडी गरम करून आणायला सांगितलं. सेल मारत असताना त्यानं मला आरपीएमचा काटा बघायला लावला. इंजिन फिरत होतं, तरी काटा शून्यावरून जरासुद्धा हलत नव्हता. म्हणजे क्रँकशाफ्ट (पिस्टनला जोडलेला इंजिनचा मुख्य दांडा) फिरतोय ही खबरच ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, मिळत नव्हती. पिस्टन कुठं आहे हे कळल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही. मग कितीही सेल मारा, सिलिंडरमध्ये डिझेल जात नाही. ही खबर देणाऱ्या, फ्लायव्हीलजवळच्या क्रँक सेन्सरवर त्यानं ओलं फडकं धरलं, थोडं थांबला आणि चावी फिरवली. काटा हलला, गाडी चालू झाली. सेन्सरच्या आतली जोडणी उष्णतेनं सुटत होती आणि गार झाली की परत जुळत होती. नवा सेन्सर बसवल्यापासून गाडी भर दुपारीसुद्धा एका सेलला चालू होते.

बॅटरी किंवा स्टार्टर कमजोर असता तर सेल आधी मंद पडली असती. मल्टिमीटर लावून सेल मारताना व्होल्टेज किती उतरतं ते बघितलं असतं, तर बॅटरी ठीक आहे हे तिथंच कळलं असतं. ‘स्कॅनर लावला, कोड आला नाही’ असं मला तोंडी सांगण्यात आलं. अशा येत्या-जात्या बिघाडाचा कोड, म्हणजे ईसीयूतली बिघाडाची नोंद, प्रत्येक वेळी साठतोच असं नाही. गरम गाडीवर सेल मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का, हे बघायला हवं होतं. आपल्या अधिकृत वर्कशॉपकडे हे सगळं सामान आहे. ग्राहक काय सांगतोय ते ऐकून घेतलं गेलं नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

म्हणून माझी मागणी अशी. बॅटरी आणि स्टार्टरची किंमत, त्यांची मजुरी आणि टोचनचा खर्च मला परत मिळावा. माझे जुने भाग मला दाखवलेही नाहीत, ते परत द्यावेत किंवा त्यांचं काय केलं ते लेखी कळवावं. स्कॅनरचा अहवाल द्यावा. आणि जॉबकार्डवर ग्राहकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहावं, अशी सूचना आपल्या सर्व वर्कशॉपना द्यावी. मालाच्या नुकसानीइतकीच ही मागणीही मला महत्त्वाची आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सेवेतील त्रुटीबद्दल सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. त्या कायद्यानं मी राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते, त्यामुळे आपलं मुख्य कार्यालय कुठंही असलं तरी अडचण नाही. दोन्ही बिलं, मिरजेच्या दुरुस्तीची पावती आणि व्यापाऱ्याची पट्टी सोबत जोडली आहे. काढलेला क्रँक सेन्सर माझ्याकडे जपून ठेवला आहे. आपला तंत्रज्ञ आला तर तपासायला देईन, मात्र पोच घेऊनच.

आपला,
एक पिकअपधारक ग्राहक
ता. तासगाव, जि. सांगली