अंधत्व म्हणजे पाप नव्हे

संपादक महोदय,

मी जन्मांध आहे. शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूचं चरित्र, ब्रेल लिपीत वाचतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या प्रवचनांत योहानाच्या शुभवर्तमानाचा 9वा अध्याय, म्हणजे येशूने एका जन्मांधाला दृष्टी दिल्याची गोष्ट निघाली, की ‘पापाने आंधळे झालेले’ हे शब्द हमखास कानी पडतात. मला ते फार लागतात. त्या गोष्टीत, हा माणूस कोणाच्या पापामुळे आंधळा जन्मला, असं शिष्यांनी विचारताच येशूने स्पष्ट सांगितलं: याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. येशूच्या सांगण्यावरून जेरुसलेममधल्या शिलोह तळ्यात डोळे धुतल्यावर त्याला दिसू लागलं. येशू कोण, हे मात्र हळूहळू उमगलं. आधी ‘येशू नावाचा माणूस’, मग संदेष्टा, शेवटी प्रभू. डोळस परूशांनी, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांनी, त्यालाच ‘तू पापात जन्मलास’ म्हणून हाकलून दिलं. प्रवचनकारांनी निदान परूशांचं वाक्य तरी आमच्या माथी मारू नये.

– एक वाचक, वसई