मामा, त्या स्लाइडमध्ये काय होतं ते सांगायचं राहिलं

पुणे

आदरणीय मामा,
सादर नमस्कार.

माझा एम.एस्सी.चा प्रबंध झाला तेव्हा आभाराच्या पानावर सगळ्या सर-मॅडमची नावं आली आणि तुमच्या वाट्याला ‘प्रयोगशाळेतील कर्मचारी’ एवढंच आलं. ते मला आजही टोचतं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

कच्छहून आणलेला तो दगड आठवतो का? काळ्या बेसाल्टमध्ये रुतलेला, लिंबाएवढा, हिरवट, साखरेसारखा दाणेदार. बोटाने दाबला तरी भुगा व्हायचा. असे पाचच तुकडे होते. मायक्रोस्कोपखाली बघायला पातळ काप करायचा म्हणून पहिला मी घाईघाईने काचेवर घासला आणि घासायच्या कार्बोरंडम पावडरीबरोबर त्याचे दाणेही वाहून गेले. रडूच आलं होतं. तुम्ही काही बोलला नाहीत. दुसरा तुकडा माझ्या हातातून घेतलात, ओव्हनमध्ये कोमट केलात, पातळ रेझिन त्यावर थेंब थेंब सोडलंत आणि म्हणालात, “आता हात लावू नको. मुरू दे.”

दोन दिवस मुरू दिलंत. नंतर कापणं, काचेवर चिकटवणं, घासणं. शेवटी शेवटी मशीन बंद करून नुसत्या हाताने. ग्रॅनाइट असेल तर क्वार्ट्झच्या मायक्रोस्कोपमधल्या रंगावरून कळतं की 0.03 मिलिमीटर जाडी आली. या दगडात क्वार्ट्झ नावालाही नाही. तुम्ही ऑर्थोपायरोक्सीन या खनिजाच्या करड्या रंगावर नजर ठेवलीत. आणि कान काचेवरच्या आवाजाकडे. आवाज बदलला की तुमचा हात हलका व्हायचा.

तेव्हा तुम्ही विचारलं होतं, “एवढा जीव टाकतेस, यात आहे तरी काय?” मी “नंतर सांगते” म्हणाले आणि ते राहूनच गेलं. आज सांगते.

तो तुकडा पृथ्वीच्या कवचाखालचा, म्हणजे प्रावरणाचा आहे. त्यात स्पिनेल हे खनिज आहे, त्यावरून तो साधारण 30 ते 80 किलोमीटर खोलीवरचा ठरतो. आपल्या वेताळ टेकडीचा बेसाल्टही प्रावरण वितळूनच आला, पण नुसता रस वर आला. मूळ खडक खालीच राहिला. कच्छमध्ये मात्र वर येणाऱ्या रसाने वाटेतल्या खडकाचे लचके तोडून सोबत आणले. हे तुकडे त्या रसापेक्षा जड. तो सावकाश चढला असता तर ते बुडून गेले असते.

प्रावरण म्हणजे लाव्हाचा समुद्र, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तो घट्ट खडक आहे. पण त्याच्या दाण्यांच्या फटींतून पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि वितळलेले रस झिरपत असतात, आणि झिरपता झिरपता खडकाची घडण बदलतात. याला मेटासोमॅटिझम म्हणतात. मला मात्र तुमचाच शब्द पटतो: खडक मुरतो. लोणच्यात फोडी मीठ घेतात आणि पाणी सोडतात, तसा इथेही व्यवहार दोन्हीकडून होतो. कार्बोनेटी रस शिरला तर तो ऑर्थोपायरोक्सीन खातो, त्याच्या जागी क्लिनोपायरोक्सीन आणि ऑलिव्हीन ही खनिजं तयार होतात आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. पाणी आणि पोटॅशियम आलं तर फ्लोगोपाइट नावाचा अभ्रक उगवतो. बेसाल्टच्या पोकळ्यांत पाणी शिरून झालेली झिओलाइटं तुम्ही आयुष्यभर हाताळलीत. हा तसाच प्रकार, फक्त हजार अंश सेल्सिअसच्या आसपासचा.

कधी कधी नवं खनिज एकही दिसत नाही आणि तरी खडक मुरलेला असतो. माझा दगड असाच होता. एकदा उकळून गाळलेल्या चहाच्या पत्तीत रंग उरायला नको; तसा खडक थोडा वितळला की लँथॅनम, सिरियमसारखी मूलद्रव्यं आधी रसात निघून जातात. उरलेला चोथा त्यांच्या बाबतीत कंगाल हवा. माझ्या दगडात ती भरपूर निघाली! म्हणजे वितळून झाल्यावर दुसरंच काहीतरी त्यात झिरपून गेलं होतं. कच्छच्या प्रावरणात असा छुपा बदल झाल्याचं पुण्यातल्या अभ्यासकांनीही दाखवलेलं आहे, त्यामुळे आकडे हाती आले त्या दिवशी मला फार धीर आला.

आता तुमचा हात इथे कुठे लागला ते बघा. क्लिनोपायरोक्सीनचे दाणे मधे स्वच्छ, फिकट हिरवे, आणि कडेला चाळणीसारखे भोकाभोकांचे. ती कड पुढच्या घडामोडींत विरघळलेली, म्हणून मोजमाप मधल्या स्वच्छ भागाचंच घ्यायला हवं होतं. मूलद्रव्यं मोजायला लेझरने पाडलेलं भोक जेमतेम 0.05 मिलिमीटरचं. त्यासाठी तुम्ही वेगळी जाड स्लाइड करून दिलीत, आणि तिच्यात कड आणि गाभा दोन्ही शाबूत राहिले. कड उडाली असती तर गाभा कुठे संपतो हे मला कळलंच नसतं. शेजारच्या ऑलिव्हीनमध्ये टिंबांसारखे बुडबुडे ओळीने बसलेत. पूर्वी तडा गेला, त्यात वायू शिरला, तडा सांधला आणि वायू आत कोंडला. ती ओळही तुम्ही वाचवलीत.

प्रबंधातलं मुख्य अनुमान त्या दोन स्लाइडवर उभं आहे. मामा, मनापासून आभार. तेव्हा म्हणायला हवे होते.

पातळ स्लाइडच्या काचेवर हिऱ्याच्या पेन्सिलने तुम्ही कोरलेलं ‘क-2’ अजून स्पष्ट आहे. येत्या रविवारी सकाळी छोटा मायक्रोस्कोप घेऊन घरी येते. जाडी बघायला तुम्ही तिच्यात शंभरदा डोकावलात, आता निवांत बघा. उजव्या कोपऱ्यातल्या हिरव्या दाण्यापासून सुरुवात करू.

तुमची,
कच्छच्या दगडवाली