पाडकामाच्या परवानगीत सिमेंटच्या पत्र्यांचीही अट घाला

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, जिकडे पाहावं तिकडे पुनर्विकासासाठी जुन्या सोसायट्या पाडल्या जात आहेत. धूळ रोखायला हिरवी जाळी लागते. पण पार्किंगच्या आणि वॉचमनच्या खोलीवरचे सिमेंटचे पत्रे घणाने फोडून राडारोड्याबरोबर ट्रकमध्ये भरले जातात, तेही तोंडाला रुमाल बांधलेल्या मजुरांकडून.

या जुन्या पत्र्यांत बहुतेकदा ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज असतं. पत्रा अखंड असेपर्यंत त्याचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. फोडला, कापला की ते हवेत उडतात आणि श्वासावाटे फुप्फुसात रुततात. रुमालाने ते अडत नाहीत. मेसोथेलिओमासारखा कर्करोग २० ते ४० वर्षांनी उमटतो, त्यामुळे आज घण मारणाऱ्याचं दुखणं उद्या कुठल्याच ठेकेदाराच्या खात्यावर येणार नाही. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच.

युरोपीय संघात ॲस्बेस्टॉसवर २००५ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते अजून आयात होतं आणि त्याचे पत्रे उघड विकले जातात. देशव्यापी बंदी तुमच्या हातात नाही, पण पाडकामाची परवानगी आणि पालिकेच्या निविदा तुमच्याच हातात आहेत.

परवानगीपूर्वी इमारतीतल्या पत्र्यांची नोंद घ्या. ते आधी ओले करून, न फोडता, बोल्ट सोडवून उतरवावेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवावेत, मजुरांना योग्य मास्क मिळावेत. हा माल साध्या राडारोड्यात मिसळून भरडला जाता कामा नये.

नव्या कामांसाठी पीव्हीए या कृत्रिम आणि सेल्युलोज या वनस्पतिजन्य तंतूंचे ॲस्बेस्टॉसमुक्त सिमेंटचे पत्रे आहेत, शिवाय रंगीत लोखंडी पत्रे आणि कौलंही आहेत. लोखंडी पत्रा उन्हाळ्यात तापतो, त्याखाली उष्णतारोधक थर लागतो आणि खर्च वाढतो. जनता वसाहतीतल्या किंवा येरवड्यातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या कुटुंबाला तो परवडणार नाही. तिथे नुसती सक्ती करू नका, पत्रा बदलायला अनुदान द्या.

आणखी एक. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा) जास्त नसावं, असा नियम २०१७ पासून लागू आहे, पण औद्योगिक रंग त्याबाहेर आहेत. पालिकेच्या शाळांतल्या ग्रिल आणि बाकांना कोणता रंग लागतो, हे तपासून घ्या आणि निविदेत ९० पीपीएमची अट लिहा.

पुढच्या पाडकामाच्या परवानगीपासूनच ही अट लागू करावी, ही विनंती.

आपला,
एक पुणेकर