एअरफ्लो सेन्सर आधी धुऊन पाहा

महोदय,

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत बीड-जालना भागात गाड्यांचा पिकअप गेल्याच्या तक्रारी वाढतात. डिझेल गाडी असेल तर लगेच इंजेक्टर, टर्बोवर खर्च काढला जातो. त्याआधी एअर फिल्टरच्या डब्यापुढच्या नळीवरचा, इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर बघावा. त्यातल्या तापलेल्या बारीक तारेवर किंवा पट्टीवर धुळीचा थर बसला, की हवा कमी मोजली जाते. मग ईसीयू (इंजिनचा संगणक) डिझेलही कमी सोडतो आणि गाडी चढाला दम टाकते.

इंजिन थंड करून बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. कनेक्टरचे लॉक दाबून सोडवावे, वायर ओढू नये. स्क्रू बहुधा दोनच, पण सहा टोकी स्टार खाचेचे (टॉर्क्स). साध्या पेचकसाने डोकी झिजतात. एअरफ्लो सेन्सरसाठीचाच स्प्रे १०-१५ सेंमीवरून दहाबारा वेळा थोडा थोडा मारावा. कार्ब (कार्बोरेटर) क्लीनर, पेट्रोल, कापूस, ब्रश, कॉम्प्रेसरची हवा यांपैकी काहीही नको. तार तुटली की सेन्सर नवाच घ्यावा लागतो. अर्धा तास वाळवून, बाणाची दिशा पाहून बसवावा.

फिल्टर नुसता झटकून परत घालणाऱ्यांना हे काम पुन्हा करावे लागणारच. सेन्सरपुढची रबरी नळी चिरलेली असेल तर धुण्याचा उपयोग नाही. अनेक लहान पेट्रोल गाड्यांत तर हा सेन्सरच नसतो, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो. तिथे या कामाचे पैसे कुणी मागितले तर सेन्सर दाखवायला सांगावे.

— एक मेकॅनिक, जालना