सायकलवरची परिषद सांगली-मिरजेत भरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सांगली-मिरजेतल्या महाविद्यालयांनी एकत्र येऊन शहरातल्या सायकलीवर एक संशोधन परिषद भरवावी आणि तिथे डॉक्टर, अभियंते, अर्थशास्त्राचे, समाजशास्त्राचे प्राध्यापक यांच्या शेजारी सायकल दुरुस्त करणाऱ्यांनाही बसवावं, ही विनंती आपल्या पत्रातून सर्वांपुढे ठेवत आहे. माझं विश्रामबागेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो.

अशा परिषदा जगात भरतात हे मला मुलीकडून कळलं. ती अभियांत्रिकी शिकते. 'व्हेलो-सिटी' नावाची परिषद 1980 साली जर्मनीत ब्रेमेनला पहिल्यांदा भरली. नुसत्या सायकलच्या सुरक्षिततेवरची आंतरराष्ट्रीय परिषद 2012 साली नेदरलँड्समध्ये सुरू झाली. तिथे रस्ता आखणारे येतात, मेंदूला लागलेल्या माराचा अभ्यास करणारे येतात, मानसशास्त्राचे येतात, आकडेमोड करणारे येतात. एकाला रस्त्याचं कळतं, दुसऱ्याला हाडाचं. तिनं वाचून दाखवलेल्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. सायकलवाला एकटाच पडला, कुठल्या गाडीनं उडवलं नसलं, तर त्याची पोलिसात नोंद जवळपास होतच नाही. युरोपातल्या अभ्यासकांना हे दवाखान्याची आणि पोलिसांची कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसलं.

आमच्या दुकानात ते रोज दिसतं. कुपवाड एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारं माझं एक गिऱ्हाईक रात्री घरी येताना गटारावरच्या जाळीत पुढचं चाक जाऊन तोंडावर आपटलं. जाळीच्या पट्ट्या रस्त्याला आडव्या असायला हव्यात, त्या उभ्या बसवल्या होत्या आणि दोन पट्ट्यांमधली फट सायकलच्या टायरपेक्षा रुंद होती. मनगट मोडलं. दवाखान्याच्या केसपेपरवर 'पडून इजा' एवढंच लिहिलं गेलं. पोलिसात तो गेला नाही. कुणाविरुद्ध तक्रार देणार? कारखान्यात खाडे पडले, त्याचा पगार कापला. सायकल माझ्याकडे आली. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, मागे वाकलेला, पुढच्या चाकाच्या चार-पाच तारा तुटलेल्या, आणि मागचं चाक अगदी सरळ, त्याचा आउटसुद्धा काढावा लागला नाही. नंतर त्याच रस्त्यावरून दुसऱ्या एकाची सायकल आली, तशीच. म्हणजे एकच घटना डॉक्टरांना मनगट म्हणून दिसली, कारखान्याला खाडा म्हणून दिसली, मला चिमटा म्हणून दिसला, आणि ज्यांनी जाळी बसवली त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नाही. परिषद हवी ती या सगळ्यांना एका टेबलाशी आणायला.

सायकल बघून ती कशी पडली हे आमच्यासारख्याला बऱ्यापैकी सांगता येतं. मागून ठोकर बसली असेल तर कॅरिअर आणि मागचं मडगार्ड आत दाबलेलं असतं. खड्ड्यात आपटली तर रिमची कड एकाच जागी चेपते आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. मुलींच्या सायकलीत चेनकव्हर निघालेलं असेल तर ओढणी अडकून पडल्याचं विचारायच्या आधीच कळतं. हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही आणि कुणी विचारायलाही येत नाही. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन हे माणसाच्या शरीराला मार कसा बसतो याचा अभ्यास करणारे, आणि गीतम तिवारी मूळच्या वास्तुशास्त्राच्या. या दोघांनी आपल्या देशात सायकलवाल्या आणि पायी चालणाऱ्या गरिबाला रस्त्याच्या आखणीत जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. 2022 साली देशात साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार अपघातात मेले, हा सरकारी अहवालातला आकडा आहे. जायबंदी होऊन घरी बसणाऱ्यांची गणती त्यात नाही.

दुसरा मुद्दा मोजणीचा. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांना कामावर कसे जाता हे विचारलं होतं, तेव्हा देशभरात सुमारे 13 टक्के लोक सायकलवर जात होते. त्यानंतरची, 2021 ची जनगणना वेळेवर झालीच नाही. आता शहरात कोण सायकल चालवतं हे मोबाइल ॲपवरच्या नोंदींवरून ठरवायची पद्धत निघाली आहे. रविवारी पहाटे दंडोबाच्या डोंगराकडे जाणारी गिअरच्या सायकलवाली मंडळी माझी गिऱ्हाइकं आहेत, चांगली माणसं आहेत, त्यांच्यामुळे सायकलला मान मिळाला. पण ॲपवर त्यांचाच रस्ता उमटणार. हँडलला डबा अडकवून सकाळच्या पाळीला निघालेला कामगार, मार्केट यार्डातला हमाल, मिरजेच्या दवाखान्यांत साफसफाईला जाणाऱ्या बायका, पेपर टाकणारी मुलं, यांचा रस्ता त्या नकाशावर येणारच नाही. मग सायकल ट्रॅक कुठे होईल? बागेभोवती.

2019 चा महापूर ओसरल्यावर आमच्या दुकानापुढे सायकलींची रांग लागली होती. ज्यांच्या घरात पाणी होतं त्यांचे बिछाने, कपाटं रस्त्यावर वाळत पडलेली, आणि माणूस आधी सायकल घेऊन येतो आहे. चाकाच्या मधलं हब उघडलं की ग्रीसच्या जागी कृष्णेचा गाळ. छर्रे गंजून एकमेकांना चिकटलेले. रॉकेलमध्ये धुऊन, नवे छर्रे टाकून द्यायचो. पैसे नंतर द्या म्हटलं तर म्हणायचे, पैसे राहू द्या, उद्या कामावर जायचंय तेवढं बघा. सायकल ही ज्याची गरज आहे तो कोण, हे त्या आठवड्यात कुणालाही मोजता आलं असतं.

आपल्याकडे ऊन फार, इथे कोण सायकल चालवणार, असं ऐकवलं जातं. स्पेनमधल्या सेव्हिया शहरात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. तिथे 2006-07 च्या सुमाराला थोड्या काळात 80 किलोमीटरच्या आसपास सलग सायकल मार्ग झाले आणि काही वर्षांत सायकलवाले अनेक पटींनी वाढले. त्याचा अभ्यास मांडणाऱ्यांत एक प्राध्यापक भौतिकशास्त्राचे आहेत, रिकार्दो मार्केस. 'सलग' हा त्यातला मुख्य शब्द. दोनशे मीटर ट्रॅक, मग पार्किंग, मग पुन्हा ट्रॅक, याला काही अर्थ नाही. सांगली ते मिरज रस्ता जेमतेम दहा किलोमीटरचा, सगळा सपाट, मध्ये विश्रामबाग. शाळा, महाविद्यालयं, दवाखाने, कारखाने सगळे याच पट्ट्यात. सायकलला याहून सोयीचं गाव शोधून सापडायचं नाही.

सायकलवाले वाढले की अपघातही वाढतील, अशी भीती काही जण घालतात. जेकबसन नावाच्या आरोग्य अभ्यासकानं 2003 साली उलटं दाखवलं. सायकलवाले दुप्पट झाले की एकेकाचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो, कारण गाडीवाल्यांची नजर त्यांना सरावते. शाळा सुटल्यावर सात-आठ मुली घोळक्यानं निघतात तेव्हा ट्रकवालासुद्धा वेग कमी करतो. तीच मुलगी क्लास सुटल्यावर एकटी निघाली की हॉर्न वाजवत तिला कडेच्या मुरमावर उतरवतात.

मुलींचा विषय आलाच आहे तर सांगतो. बिहारमध्ये 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासलं तर माध्यमिक शाळेत योग्य वयात जाणाऱ्या मुली 32 टक्क्यांनी वाढल्या होत्या आणि मुलामुलींमधलं अंतर 40 टक्क्यांनी घटलं होतं. महाराष्ट्रातही सरकारी योजनांतून मुलींना सायकली मिळतात. पण मिळालेली सायकल वर्षभरानं चालू आहे का, हे कुणी पाहतं का? माझ्याकडे अशा सायकली येतात. ब्रेकचं रबर संपलेलं, मागच्या टायरची तार दिसायला लागलेली. किरकोळ काम असतं. घरी पैसे नसतात म्हणून सायकल भिंतीला टेकते आणि मुलीची शाळा वडापच्या, म्हणजे शेअर जीपच्या, भाड्यावर येते. हा अर्थशास्त्राचा विषय आहे की पान्याचा, मला सांगता येत नाही, म्हणूनच दोन्ही जाणणारे एकत्र बसावेत असं वाटतं.

आणि वर्तमानपत्राला हे पत्र लिहिण्याचंही कारण आहे. 1971 साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी शाळेत जाताना गेली. त्यानं 1972 मध्ये आपल्या दैनिकात लेख लिहिला, 'मुलांची हत्या थांबवा' अशा अर्थाच्या मथळ्याचा. त्याच नावानं पालकांची चळवळ उभी राहिली. आज ज्या देशाला सायकलींचा देश म्हणतात तिथेही रस्ते आपोआप बदलले नाहीत. पेपरानं विषय लावून धरला होता.

आपल्याकडे वालचंद अभियांत्रिकी आणि विलिंग्डन महाविद्यालय विश्रामबागेत, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिरजेत. माणसं बाहेरून आणायची गरज नाही. परिषदेच्या आधी विद्यार्थ्यांनी पाळी बदलायच्या वेळी, सकाळी सात, दुपारी तीन आणि रात्री अकराला, कुपवाड रस्त्यावर उभं राहून सायकली मोजाव्यात. रात्री अकराची मोजणी टाळू नये, सर्वांत वाईट अपघात तेव्हाचे असतात. महापालिकेनं त्या आकड्यांची जाहीर दखल घ्यावी. दवाखान्यांनी केसपेपरवर 'सायकलवरून पडून' एवढे दोन शब्द आणि ठिकाण लिहायची सवय लावावी. आम्ही दुकानदार नोंद ठेवायला तयार आहोत. आमच्या भागातल्या तीन-चार कारागिरांशी माझं बोलणं झालं आहे. फॉर्म मात्र मराठीत आणि एका पानाचा द्या, हाताला ग्रीस असतं.

एक शेवटची विनंती आयोजकांना. ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्यांना यायला जमेल अशी निदान एक बैठक दुपारी चारनंतर ठेवा, म्हणजे पहिली पाळी सुटलेले कामगार थेट येतील. आणि सभागृहाच्या दारात सायकल लावायला जागा असू द्या.

आपला नम्र,
एक सायकल दुरुस्ती कारागीर,
विश्रामबाग, सांगली